क्रिकेट खेळायला आलेला माणूस

२०११च्या सप्टेंबरात जुहूच्या पृथ्वी थिएटरच्या कॅफेत सत्यदेव दुबे कोसळले. झटका आला, शुद्ध हरपली आणि ती परत आलीच नाही. तीन महिने ते तसेच पडून होते. २५ डिसेंबरला गेले. वय पंचाहत्तर. पद्मभूषण मिळालं होतं ते त्याच वर्षी.

गायक गेला की रेडिओवर त्याच्या रेकॉर्डी लागतात. सिनेमावाला गेला की वाहिन्या त्याचे सिनेमे लावतात. नाटकाचा दिग्दर्शक गेला की काय लावायचं? दुबेंनी पन्नास वर्षं नाटकं बसवली आणि त्यांचे बहुतेक प्रयोग ज्या रात्री झाले त्याच रात्री संपले. काही छायाचित्रं, थोडी परीक्षणं, आणि ज्यांनी पाहिलं त्यांचं ते चिडवणारं ‘तुम्ही पाहायला हवं होतं’. शांता गोखले यांनी त्यांच्या पन्नास वर्षांच्या कामावर एक पुस्तक संपादित करून ठेवलं, म्हणून निदान सनावळी तरी हाताशी आहे. बाकी दुबे शोधायचे तर दुसऱ्यांच्या तोंडी शोधावे लागतात. कुणी वाक्य कुठे तोडतं, कुठल्या शब्दावर वजन टाकतं, श्वास कुठे घेतं, अशा ठिकाणी.

दुबे मूळचे बिलासपूरचे, आताच्या छत्तीसगडमधले. जन्म १९३६चा. मुंबईत आले ते क्रिकेटपटू व्हायला. मैदानं सोडून ते इब्राहिम अल्काझींच्या थिएटर युनिट या नाट्यसंस्थेत जाऊन पोचले. क्रिकेटचं त्यात फारसं नुकसान झालं नसावं.

अल्काझी लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशिक्षण संस्थेत शिकून आलेले, शिस्तीचे, डोळ्याला दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीबद्दल काटेकोर. कंबाला हिलवर आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर ते नाटकं करत. १९६२ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होऊन ते दिल्लीला गेले आणि थिएटर युनिट सव्विशीच्या दुबेंकडे आलं.

आलं म्हणजे नेमकं काय आलं? नाट्यगृह नाही, अनुदान नाही, पगारी नट नाहीत. मराठी नाटकाला गिरगाव आणि दादर होतं, गुजरातीला काळबादेवीची भांगवाडी होती, इंग्रजीला दक्षिण मुंबईतला पंखा हलवत बसणारा का होईना, पण ठरलेला प्रेक्षक होता. हिंदीला यातलं काहीच नव्हतं. पृथ्वीराज कपूरांची फिरती पृथ्वी थिएटर्स १९६० साली बंद पडली होती, इप्टा या नाट्यचळवळीचा जुना जोर ओसरला होता. या शहरात हिंदी ही सिनेमाची आणि बाजाराची भाषा. तिच्यात गंभीर नाटक करायचं आणि तेही रोजच्या नोकरीतून सुटून आलेल्या माणसांना घेऊन, हा उद्योग दुबेंनी अंगावर घेतला.

पहिला मोठा डाव ‘अंधा युग’चा. धर्मवीर भारतींनी हे पद्यनाटक अलाहाबादेत असताना लिहिलं, मुळात रेडिओसाठी. महाभारत युद्धाचा अठरावा दिवस, जिंकलेले आणि हरलेले सारखेच उद्ध्वस्त, सूडाने वेडा झालेला अश्वत्थामा आणि कृष्णाला शाप देणारी गांधारी. फाळणी होऊन जेमतेम सात वर्षं झालेल्या देशात हे लिहिलं गेलं होतं. भारती १९६०पासून ‘धर्मयुग’चे संपादक म्हणून मुंबईतच होते. ऐकायला म्हणून लिहिलेलं हे नाटक दुबेंनी १९६२ साली रंगमंचावर उभं केलं आणि संहिता दिल्लीला अल्काझींकडे धाडली. अल्काझींनी ती फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींत केली. तो प्रयोग भारतीय रंगभूमीच्या प्रत्येक इतिहासात आहे. दुबेंचा प्रयोग त्याच इतिहासात बहुतेक वेळा एका ओळीत आटोपतो. किल्ला मिळाला की नाटकाचं भाग्य उजळतं हे खरं, पण किल्ल्यापर्यंत ते पोचलं कसं, हेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

त्या दिवसांत थिएटर युनिटमध्ये एक नट होता. कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरी करायचा. सिनेमात जायचा प्रयत्न करून परत आलेला, तिशीला टेकलेला, दुबेंपेक्षा चार वर्षांनी मोठा. दिवसभर फायली आणि संध्याकाळी तालीम, असं त्याचं कित्येक वर्षं चाललं. अमरीश पुरी पुढे हिंदी सिनेमातले सर्वांत मोठे खलनायक झाले, तरी शेवटपर्यंत गुरू म्हणून या धाकट्या माणसाचं नाव घेत राहिले. मोहन राकेशांच्या ‘आधे अधूरे’मध्ये एकाच नटाने पाच पुरुष उभे करायचे असतात: सुरुवातीला काळ्या सुटातला एक अनाम माणूस, मग नवरा, नवऱ्याचा मित्र, बायकोचा म्हणजे सावित्रीचा वरिष्ठ आणि तिचा जुना स्नेही. लेखकाचा मुद्दा असा, की सावित्रीला भेटणारा प्रत्येक पुरुष आतून एकच. दुबेंच्या प्रयोगात हे पाचही जण अमरीश पुरींनी केले. कोट बदलायला अशा नाटकात किती वेळ मिळतो? विंगेत जाऊन यायचा. बाकी सगळा बदल आवाजात करावा लागतो. पडद्यावरच्या ज्या आवाजाला पुढे अख्खा देश घाबरला, तो या असल्या कसरतींत घडला होता.

आता थोडं दुबेंच्या टपालाबद्दल, म्हणजे एका भाषेतली नाटकं दुसरीत पोचवण्याबद्दल. बादल सरकार कलकत्त्यात, पेशाने नगररचनाकार. गिरीश कार्नाड मद्रासला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये नोकरीला. मोहन राकेश दिल्लीत. विजय तेंडुलकर मुंबईत, पत्रकारितेत. चौघांच्या चार भाषा, आणि चौघांनाही आपल्या भाषेबाहेर कुणी फारसं ओळखत नव्हतं. कार्नाडांचं पहिलं नाटक ‘ययाति’ आणि नंतरचं ‘हयवदन’, सरकारांची ‘एवम् इंद्रजित’ आणि ‘पगला घोडा’, राकेशांचं ‘आधे अधूरे’, तेंडुलकरांचं ‘खामोश! अदालत जारी है’, चंद्रशेखर कंबारांच्या ‘जोकुमारस्वामी’चं ‘और तोता बोला’: ही सगळी दुबेंनी हिंदीत केली. एका माणसाच्या हातून, एका शहरात आणि बरीचशी त्याच त्याच नटांना घेऊन. आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात तेंडुलकर, कार्नाड, सरकार, राकेश ही नावं एका दमात घेतली जातात. तो दम मुळात ज्यांनी भरला त्यांत दुबे पुढे होते. अनुवाद हा शब्द आपण पुस्तकांपुरता वापरतो. दुबेंनी नाटकं एका भाषेतून उचलून दुसऱ्या भाषेच्या नटांच्या जिभेवर ठेवली.

आणि ती जीभ पुष्कळदा मराठी होती. मराठी माणूस हिंदी बोलतो तेव्हा काय होतं ते आपल्याला माहीत आहे. ‘है’चं ‘हय’ होतं. ‘जाना’तला ‘ज’ ‘जागा’तल्या ‘ज’सारखा घासून निघतो. ‘ज्ञान’चं ‘ग्यान’ करताना आपल्याला उगाच अपराध्यासारखं वाटतं. अमोल पालेकर, सुलभा देशपांडे यांसारखे नट या माणसाच्या तालमीत हिंदी बोलले आणि खणखणीत बोलले. दुबेंची सगळी भिस्त शब्दावर. नेपथ्य जेमतेम, एखादी खुर्ची, एखादा चौथरा. कविता पाठ करायला लावायचे, मोठ्याने म्हणायला लावायचे, पुन्हा म्हणायला लावायचे. अर्थ कळला की भावना येते आणि भावना आली की उच्चार आपोआप सुधारतो, असं मानणारे पुष्कळ आहेत. दुबेंची वाट उलटी होती. आधी वाक्य नीट उभं करा, त्यातला कर्ता कुठला, क्रियापद कुठलं, जोर कशावर, ते तोंडाला कळू द्या. मग बाकीचं बघू.

या शाळेत फी नव्हती, पण अपमान भरपूर होता. दुबेंचा संताप सगळ्या शहराला ठाऊक. तोंडावर बोलायचे, चारचौघांत बोलायचे, मतं टोकाची आणि ती मुद्दाम डिवचायला काढायचे. काही जण त्यातून घडले, काही जण कायमचे दुरावले. हे सगळं आता गोड आठवणींच्या वर्खात गुंडाळून सांगायची पद्धत पडली आहे. ज्यांना तो संताप झेलावा लागला त्यांना तो गोड वाटला असेल असं मला वाटत नाही.

आता तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’कडे, म्हणजे ‘खामोश!’च्या मूळ मराठी नाटकाकडे यायला हवं, कारण दुबेंचं दिग्दर्शन आज स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर मुख्यत्वे त्याच्या चित्रपटातच दिसतं.

नाटक रंगायन या संस्थेचं, १९६७चं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, नायिका लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेला एक हौशी संच तेंडुलकरांना भेटला होता आणि त्यातून बीज पडलं, हे त्यांनीच सांगितलेलं. नाटकातल्या संचाचं नाव ‘सोनार मोती टेनामेंट (बॉम्बे) प्रोग्रेसिव्ह असोसिएशन’. या नावातच एका चाळीची सगळी हौस आणि सगळी हवा आहे. एका गावातल्या सभागृहात हे लोक रात्रीच्या कार्यक्रमासाठी आलेत. वेळ जात नाही म्हणून एक खोटा खटला चालवतात, गंमत म्हणून बेणारेबाईंना आरोपी करतात, आरोप भ्रूणहत्येचा. बघता बघता गंमत सरते आणि एका अविवाहित शिक्षिकेचं खासगी आयुष्य टेबलावर पसरलं जातं.

या नाटकात मला सर्वांत भयंकर वाटते ती दाराची कडी. अगदी सुरुवातीला सभागृहात शिरताना बेणारेचं बोट त्या कडीत चेंगरतं. गावातला सामंत समजावून सांगतो: ही कडी जरा विचित्र आहे, सांभाळून, नाही तर बाहेरून बसते. प्रेक्षक ते ऐकतो आणि विसरतो. दोन तासांनी, खटला अंगावर येतो तेव्हा, बेणारे दाराकडे धावते. दार उघडत नाही. बाहेरून कडी बसलेली. कुणी कट केलेला नाही, कुणी तिला कोंडलेलं नाही. साधी सुतारकामातली खोट. तेंडुलकरांसारखा लेखक असा खिळा पहिल्याच प्रवेशात ठोकून ठेवतो आणि रक्त काढतो ते शेवटी.

या नाटकाचा चित्रपट १९७१ साली आला. पटकथा तेंडुलकरांची. प्रमुख भूमिकेत पुन्हा सुलभा देशपांडे. सोबत अरविंद देशपांडे, छोट्या भूमिकेत अमरीश पुरी, आणि पडद्यावर पहिल्यांदाच दिसणारे अमोल पालेकर. छायाचित्रण गोविंद निहलानींचं. गुरुदत्तचे सिनेमे ज्यांनी टिपले त्या व्ही. के. मूर्तींच्या हाताखाली निहलानी तयार झालेले. आणि दिग्दर्शक बिलासपूरचा हिंदी माणूस. याआधी त्याच्या नावावर दोन लघुपट होते, ‘अपरिचय के विंध्याचल’ आणि ‘टंग इन चीक’. पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा त्याने केला तो हिंदीत नाही, मराठीत. बाजाराचा विचार करणाऱ्या माणसाने हे केलं नसतं.

सिनेमा म्हणून तो निर्दोष नाही. पुष्कळ ठिकाणी नाटकच चाललंय असं वाटतं, माणसं जरा जास्तच नीट बोलतात. पण नाटकात जे पंधराव्या रांगेतून दिसणं शक्यच नव्हतं ते इथे दिसतं: आरोप करणाऱ्यांचे चेहरे. सद्गृहस्थ कसे मन लावून ऐकतात, दुसऱ्याच्या लाजिरवाण्या गोष्टीची गोडी तोंडात कशी घोळवतात, हे निहलानींचा कॅमेरा हातभर अंतरावरून बघतो. बेणारेचं शेवटचं लांब स्वगत हा रंगभूमीवरचा संकेत; बाकीची माणसं गोठलेली आणि ती एकटी बोलतेय. खटल्यातल्या कुणालाही ते ऐकू जात नाही. निकाल लागतो, मंडळी लगेच कार्यक्रमाच्या तयारीला लागतात, आणि सामंत एक हिरवा कापडी पोपट गुपचूप तिच्याजवळ ठेवून जातो.

समांतर सिनेमा म्हटलं की आपण मृणाल सेन, मणी कौल आणि लगेच श्याम बेनेगलांवर येतो. मधली ही पायरी हिंदी पुस्तकांतून गळते, कारण ती मराठी आहे. मराठी पुस्तकांत जरा अंग चोरून बसते, कारण तिचा दिग्दर्शक मराठी नाही. पण या एका सिनेमातली माणसं पुढे कुठे गेली ते बघा. बेनेगलांच्या १९७४च्या ‘अंकुर’चं छायाचित्रण निहलानींचं, संवाद दुबेंचे, आणि तेही तेलंगणच्या दखनी बोलीत. त्यांच्याच १९७५च्या ‘निशांत’ची पटकथा तेंडुलकरांची, संवाद दुबेंचे, जमीनदार अमरीश पुरी. १९७७चा ‘भूमिका’ हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेला, त्यात अमोल पालेकर आणि अमरीश पुरी दोघेही, आणि पटकथेचं राष्ट्रीय पारितोषिक बेनेगल, कार्नाड आणि दुबे यांना मिळून. ‘जुनून’च्या संवादांसाठी दुबेंना फिल्मफेअर मिळालं. नाटकाच्या तालमीतून सुटलेला तो कंपू एका पाठोपाठ एक सिनेमांत जाऊन बसला होता.

आणि मग १९८०चा ‘आक्रोश’. निहलानींचं पहिलं दिग्दर्शन, पटकथा तेंडुलकर, संवाद दुबे. ‘शांतता’चे तिघे नऊ वर्षांनी पुन्हा एकत्र आणि पुन्हा कोर्टात. या वेळी कोर्ट खरं, आरोपी आदिवासी, लहान्या भिकू, बायकोच्या खुनाचा आळ आलेला. ओम पुरींचा लहान्या जवळजवळ सगळा सिनेमा गप्प असतो. वकील विचारतो, तो बोलत नाही. पुन्हा विचारतो, नाही. शब्दावर जन्मभर जीव टाकलेल्या संवादलेखकाला नायक मिळाला तो मुका बसणारा! पण एकाला बोलायचंच नसलं की समोरच्याच्या प्रत्येक वाक्याचं वजन वाढतं, आणि लहान्याच्या वकिलाच्या तोंडची वाक्यं सिनेमाभर तशी जड होत जातात. नाटकवाल्याने मौन कसं लिहावं, याचा हा धडा आहे. बेणारे बोलते आणि तिचं कुणी ऐकत नाही. लहान्या बोलत नाही, कारण आपलं कुणी ऐकणार नाही हे त्याला ठाऊक आहे.

सिनेमाच्या पैशावर थोडं जगता आलं असेल, पण दुबे सिनेमात राहायला गेले नाहीत. ताडदेवच्या वालचंद टेरेसमध्ये थिएटर युनिटच्या तालमी चालत. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांच्या आविष्कार या संस्थेने १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेत नाटकांना जागा दिली. जिना चढून वर जायचं, खाली गल्लीत बटाटेवडे तळले जात असायचे, तो वास घेऊन आत शिरायचं. त्या सभागृहात इतर संस्थांबरोबर थिएटर युनिटही उभं राहिलं. मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या त्या वर्षांचा हिशेब मांडताना हिंदीत काम करणारा दुबे घरचाच धरला जातो, आणि ते बरोबर आहे. नंतर त्यांनी मराठीतही नाटकं केली. १९७५ साली त्यांच्या ‘संभोग से संन्यास तक’च्या निमित्ताने नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक यांची पहिली गाठ पडली, ही आठवण आता नाटकापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. दुबेंनी स्वतः लिहिलेली नाटकं त्यांनी बसवलेल्या नाटकांच्या तोडीची नव्हती, असं माझं मत. पण ते लिहीत राहिले, अगदी अखेरपर्यंत.

पृथ्वीराज कपूरांच्या नावाने शशी आणि जेनिफर कपूर यांनी १९७८ साली जुहूला नाट्यगृह उघडलं आणि दुबेंना उतारवयाचा पत्ता मिळाला. हिंदी नाटकाला या शहरात स्वतःचं छप्पर मिळायला १९६२पासून सोळा वर्षं लागली होती. किशोर कदम, सोनाली कुलकर्णी, चेतन दातार अशी पुढची पिढी दुबेंच्या हाताखालून गेली. १९७१चं संगीत नाटक अकादमीचं पारितोषिक जुनं झालं. बरोबरीची माणसं एकेक करून गेली: अरविंद देशपांडे १९८७ साली, अमरीश पुरी २००५ साली. २००८च्या मे महिन्यात तेंडुलकर गेले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चेतन दातार, म्हणजे दोन पिढ्या अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने. दुबे कॅफेत बसत राहिले. कुणी नवं पोरगं नाटक करायचंय म्हणून समोर आलं, तर त्याला बोलतं करणं त्यांच्या हाडातच होतं.

ज्या कॅफेत ते कोसळले तिथून नाट्यगृहाचं दार चार पावलांवर आहे. पृथ्वीत उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, कोणीही असो. तिसरी घंटा झाली की दार लागतं आणि आतून कडी बसते.